बावीस खुणा

मेकॅनिकने गाडीच्या बॅटरीला मीटरच्या लाल-काळ्या वायरी लावल्या, तेव्हा बाबांचा हात शर्टाच्या खिशावर घट्ट होता.

"यांच्याकडून दिवे चालू राहतात," लेक म्हणाली. "महिन्यात तिसऱ्यांदा बॅटरी उतरली."

जन्मभर औषधांच्या दुकानात नाव दोनदा वाचल्याशिवाय बाटली कुणाच्या हाती न देणारा हा माणूस. आता गाडीची किल्ली लेकीच्या पर्समध्ये गेली होती आणि चार वाजता स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. खरं तर बाबांचाही स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा उडाला होता. रोज संध्याकाळी दिवे बंद केले की ते एका कागदावर खूण करत. बावीस खुणा झाल्या होत्या. पण कागद दाखवायची छाती होत नव्हती. न बघताच खुणा केल्या असतील तर?

"बॅटरी काल पूर्ण चार्ज केली होती. बारा पॉइंट सहा व्होल्ट, म्हणजे ती ठणठणीत आहे," मेकॅनिक म्हणाला. "ताई, गाडी सुरू करा. दिवे लावा."

इंजिन सुरू झालं. मीटरवरचा आकडा चढायचं नाव घेईना. उलट बाराच्या खाली घसरला.

"चौदाच्या आसपास जायला हवा होता." त्याने इंजिन बंद करवलं. बेल्ट दाबून पाहिला, घट्ट होता. वायरी हलवून पाहिल्या, पक्क्या होत्या. मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर खोलून दोन झिजलेले तुकडे तळहातावर घेतले. "हे कार्बन संपलेत. अल्टरनेटर चार्जिंगच करत नाही, गाडी नुसती बॅटरी खात चालते. दिवे विसरण्याचा काही संबंध नाही, काका."

"परत सांगा."

"संबंध नाही म्हटलं."

"जरा मोठ्याने. ती गाडीत बसलीय."

लेकीने पहिल्याच वेळी ऐकलं होतं. ती खाली उतरली, फोन लावला.

"चारची वेळ रद्द करायची होती. हो, वडिलांची." तिने बाबांकडे पाहिलं. "नाही, अगदी बरे आहेत ते."

फोन ठेवून ती म्हणाली, "बाबा, किल्ली गाडीलाच आहे. जाताना तुम्ही चालवा."

बाबांना इतकं हलकं वाटलं, की हसूच फुटलं.

नवे कार्बन बसले, आकडा चौदावर गेला. काळेकुट्ट हात पुसायला मेकॅनिक फडकं शोधू लागला. बाबांनी खिशातला कागद पुढे केला.

"यावर काहीतरी खुणा आहेत, काका. लागणार नाही ना?"

"आता नाही," बाबा म्हणाले. "पुसा."