तीस घरांतले नत्थूजी

भजन संपून अर्धं मिनिट झालं होतं, आणि आम्हा तिघांपैकी कुणीच काही बोलत नव्हतं. स्पीकरमधून कॅसेटची जुनी खरखर तेवढी येत होती, कुणी दूर कुठेतरी ज्वारी पाखडत असावं तशी. मघाशी त्याच खरखरीतून एक आवाज उंच चढून म्हणाला होता:

तानबा म्हणे, विठ्ठला, जरा सरकून बस,
आमालेबी टेकू दे पाठ.

विठ्ठल सरकला की नाही, ते ठाऊक नाही. नत्थूजी मात्र खुर्चीत सरकले.

नत्थूजी हे आंजीच्या खंजिरी भजन मंडळाचे अध्यक्ष. हार्मोनियम त्यांची, सतरंजी त्यांची, आणि कार्यक्रमाआधीचं लांबलचक प्रास्ताविकही त्यांचंच. त्यानंतर उरेल तेवढ्या वेळात तानबा गायचा. भजनं रचायचाही तोच. तीन एकर कोरडवाहू कसणारा हा माणूस आता दाराजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलावर, आपलं वजन स्टुलाला कळू नये अशा बेताने बसला होता.

सन २००५. सेलूच्या बसस्टँडमागच्या एका दुकानात मी कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवून त्यांच्या सीडी करत असे. आधुनिक कवितेत एम.ए. केल्यामुळे अनामिकतेविषयी मला तासभर बोलता येत होतं. मंडळाच्या एकशे बारा फाइली ‘ट्रॅक ०१’पासून ‘ट्रॅक ११२’पर्यंत अनाम होऊन समोर रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा त्या बोलण्याचा काडीचा उपयोग झाला नाही. कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या झुरळांनी भक्तिभावाने खाल्ल्या होत्या. कोणतं भजन कोणतं, हे अध्यक्षांना ओळखू येईना, म्हणून त्यांनी तानबाला सोबत आणलं होतं. त्याला पहिले दोन ठोके पुरत.

“हे शहाण्णवचं,” तो सांगायचा. “मागं चक्की नाई ऐकू येत. लाइन गेलती.”

दुपारपर्यंत सगळ्या फाइलींना नावं मिळाली. मग प्रकाराचा रकाना आला. प्रोग्रामच्या यादीत जगातलं सगळं संगीत होतं, भजन तेवढं नव्हतं. नत्थूजींनी चष्मा वर करून यादीवर बोट फिरवलं. “पोलका? गाण्याच्या यादीत बायकाइचं पोलकं कायले?” तो एक युरोपी नाच आहे, असं मी सांगितलं. “मंग राहू दे. इतर लिही.” अशा रीतीने आंजीचा परमार्थ ‘इतर’मध्ये जमा झाला.

राहिला कलाकाराचा रकाना. नत्थूजींचा जीव त्याच्यातच होता. त्यांच्या पुतण्याने, सचिनने, जीपमध्ये नवा प्लेअर बसवला होता. त्यात सीडी घातली की गायकाचं नाव निळ्या अक्षरांत डावीकडून उजवीकडे धावतं. कॅसेटच्या काळात मंडळाचं नाव छापलं की भागायचं. आत कोण गातो, हे विचारायची सोयच नव्हती. हे यंत्र मात्र दर गाण्याला विचारत होतं.

“भजनसम्राट श्री नत्थूजी,” अध्यक्षांनी सांगितलं.

मी रोमन अक्षरांत टाइप केलं. त्या रकान्यात तीसच घरं असतात. सम्राटांनी सत्तावीस व्यापली. तेवढ्यात तपासणीसाठी लावलेलं भजन संपत आलं, तानबाने विठ्ठलाला सरकायला सांगितलं, आणि दुकानात ती शांतता पसरली.

ती तानबानेच मोडली. “सर, माह्यं नाव बसते का तिथं?”

“तीन घरं उरली. तुम्हाला पाच लागतात. मधली मोकळी धरून सहा.”

“मंग?”

“श्री काढलं तर दोघंही मावता. दोन घरं उरतात वर.”

तानबा नत्थूजींकडे पाहू लागला. आर्जव नव्हतं त्या पाहण्यात. एसटीत शेजारच्याने पिशवी मांडीवर घ्यावी, इतकीच अपेक्षा होती.

“श्री काढलं त काय राह्यलं? नुसता नत्थूजी?” अध्यक्ष म्हणाले.

“जी आहे ना मागे,” मी म्हणालो. “शिवाय सम्राट आहात.”

“तू मधात नको बोलू, बाबू. गणपतीत शाल देऊन नाव ठेवलं लोकाइनं. पूर्ण ठेवलं.” मग आवाज मऊ करून ते तानबाकडे वळले. “तानबा, नावाचं काय घेऊन बसला बावा. भजन देवाचं असते.”

“मंग देवाचंच नाव टाका,” तानबा म्हणाला. “विठ्ठल. मावते का, सर?”

“मावतो. तेवीस घरं उरतात.”

देव हा प्रतिस्पर्धी नत्थूजींनी हिशेबात धरला नव्हता.

“हे पाह्य, बाबू,” ते शेवटी मला म्हणाले, “हे आखरीचं कडवं कापता येते का? वर एक नाव अन् आत दुसरं, लोकं हासतीन.”

“कापता येतं. पण भजन मधेच तुटेल.”

“एक कापून दाखव.”

नाही म्हणायला हवं होतं. मी माऊस धरला, शेवटचा तुकडा निळा केला आणि पुसला. मग भजन लावलं. खंजिरी रंगात आली, गळा श्वास भरून कडव्याकडे वळला, आणि तिथेच सगळं थांबलं, कुणीतरी गाणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवावा तसं.

“झालं की,” नत्थूजी म्हणाले. “असेच सगळे कर.”

तानबा उठला. स्टूल त्याने भिंतीशी नीट सरकवून ठेवलं, जाणाऱ्या-येणाऱ्याला लागू नये म्हणून.

नत्थूजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. शनिवारी आंजीत भजनांची चढाओढ होती, आणि हार्मोनियमला गळा नसतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“तानबा, शनवारी लवकर येजो गा. वर्धेचं मंडळ आहे समोर. पट्टी काळी चार ठेवू का पाच?”

तानबा दारात थांबून चपला पायात सारत होता. एकीचा अंगठा तुटला होता, तो त्याने बोटांनी जुळवला.

“तानबा. चार का पाच?”

पायऱ्या उतरून तो बसस्टँडकडे चालू लागला.