पाकिटावरचा वेग

सुनेने दोन्ही अंगठ्यांनी पट्टीची टोकं दाबली. आधी काहीच झालं नाही. मग मदरबोर्ड किंचित वाकल्यासारखा वाटला आणि टक् असा आवाज करत रॅमची चौथी पट्टी खाचेत बसली.

"मोडलं का गं काही?" मागे टॉर्च धरून उभ्या असलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. असाच आवाज येतो."

"माझी कवळी कधी इतकी घट्ट बसली नाही."

सून हसली आणि पेटीचं झाकण न लावताच तिने बटण दाबलं. हा कॉम्प्युटर तिने एकेक भाग आणून स्वतः जुळवला होता, गेम खेळायला म्हणून. पण ती लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करी, आणि दिवसभर शाफ्टमध्ये लोंबकळून घरी आल्यावर तिच्यात फक्त झोपण्याइतकं त्राण उरे. यंत्राचा ताबा हळूहळू सासूबाईंकडे गेला.

सासूबाईंनी सगळी नोकरी भूमापन कार्यालयात नकाशे काढण्यात घालवली होती. आता त्या दुपारी हेडफोन चढवून मोटारशर्यतीच्या गेममध्ये ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसत. गाडी चालवणारा दूर कुठल्या तरी घरात असे. पुढचा रस्ता वाचून त्याला वेळेत सांगायचा, हे यांचं काम. डावं की उजवं, आणि वळण किती तीव्र ते आकड्यात. आकडा जितका लहान, तितकं वळण अवघड. त्या माणसाला सगळे ब्रेक म्हणत, कारण तो ब्रेक लावत नसे. यांना तो नकाशा म्हणे. तो यांना सरळ अगं-तुगं करी आणि सासूबाईंना ते आवडे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं मात्र कोणी नव्हतं.

नव्या हंगामातला डोंगराळ रस्ता जुन्या दोन पट्ट्यांना पेलत नव्हता. चित्र अडखळे. म्हणून आणखी दोन आणल्या होत्या. पंखे फिरले, स्क्रीन उजळला, आणि पाकिटावर छापलेला होता तोच वेग कोपऱ्यात दिसला.

"आला बघा पूर्ण," सून म्हणाली.

सासूबाईंनी हेडफोन चढवले. पलीकडून ब्रेकने गाडी सोडली.

"डावं चार, लांबट. मग चढ. चढाच्या पलीकडे उजवं

&nbsp;

निळा स्क्रीन. यंत्र कोलमडलं, वाक्य तिथेच राहिलं.

&nbsp;

पुन्हा.

चौथी पट्टी काढली. तिसरी काढली. फक्त जुनी जोडी ठेवली; सुरळीत. मग फक्त नवी जोडी, तीही सुरळीत. चारही घातल्या आणि तपासणीचा प्रोग्रॅम लावला, तर काही मिनिटांत लाल ओळी खाली धावू लागल्या.

सुनेला याचं आश्चर्य वाटलं नाही. लिफ्ट अडकली की ती एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि लिफ्ट चालू लागली, तर आपण काय दुरुस्त केलं ते आपल्यालाच कळत नाही.

नवरा रुग्णालयातली पाळी संपवून आला होता. दारातूनच त्याने विचारलं, "काय निघालं?"

"चारही चांगल्या आहेत. एकत्र आल्या की बिघडतात."

"म्हणजे आपले नातेवाईक."

"हळू बोल. आई आत आहेत."

कंपनी तीच होती, पाकिटावरचा आकडाही तोच. फक्त दोन जोड्यांच्या मधे काही वर्षं गेली होती. शिवाय पाकिटावरचा वेग हा पट्टीचा नेहमीचा वेग नसतो. ते ओव्हरक्लॉकिंगच, नेहमीच्यापेक्षा जास्त दामटायचं आणि जमलं तर जमलं. दोन पट्ट्यांना जमतं, चारांना जमेलच असं नाही. सुनेने बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर जाऊन वेग एक पायरी खाली आणला. दुपारभर तपासणी चालली. एकही लाल ओळ आली नाही.

ती कोणाला काही बोलली नाही. या घरात तशी पद्धतच नव्हती. इथे चूक झाली तर ती दाखवून द्यायची नसे, गुपचूप नीट करायची असे. सून टॉवेलच्या तीन घड्या घालून ठेवी. सासूबाई तो उलगडून दोन घड्या घालत. सून पुन्हा तीन. साखरेचा डबा रोज शेगडीच्या डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जाई. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, घरात कधी आवाज चढला नव्हता. लोक कौतुक करत. नवरा म्हणे, आमच्याकडे भांडण नाही, फक्त डबा

&nbsp;

निळा स्क्रीन.

&nbsp;

पुन्हा. दुसऱ्या दिवशी.

सुनेने बायोस उघडला. वेग परत पाकिटावरचा. तिने पुसटसा उसासा सोडला आणि तो खाली आणला. दोन दिवसांनी पुन्हा तेच, वेग आपोआप वर. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की यंत्र केलेली मांडणी विसरतं. सुनेने कामावरून येताना नवा सेल आणला आणि सासूबाई फिरायला गेल्या असताना बसवला. वेग खाली आणला.

दुसऱ्या दिवशी सराव होता. सासूबाईंच्या हेडफोनची वायर सैल झाली होती, म्हणून ब्रेकचा आवाज स्पीकरवर होता. सून आतल्या खोलीत बूट काढत होती.

"हे तिसऱ्यांदा, नकाशा. ऐन उतारावर तू गायब."

"मी नाही रे. मशीन."

"मशीन असेल तर मी थांबतो. मशीन दुरुस्त होतं. पण तुझंच लक्ष नसेल ना, तर आत्ताच सांगून टाक. मी दुसरं कोणी तरी बघतो. अर्धा हंगाम गेला हातातून. राग मानू नकोस."

"राग कसला," सासूबाई म्हणाल्या. "मशीनच आहे. सूनबाई बघतेय."

त्या जरा घाईनेच बोलल्या. सून एक बूट हातात घेऊन तशीच बसून राहिली. बाहेर आली तेव्हा सासूबाई निळ्या स्क्रीनसमोर बसल्या होत्या. चष्मा कपाळावर होता.

"रविवारी फेरी आहे," त्या म्हणाल्या.

"होईल तोवर."

"नाही झालं तर राहू दे. गेमच तर आहे." आणि त्यांनी कधी नव्हे ते माऊस पुसून ठेवला, पाहुण्याची वस्तू परत करायची असावी तसा.

&nbsp;

पुन्हा. शनिवार.

एका इमारतीत वीज नव्हती, म्हणून सुनेचं काम लवकर आटोपलं. घरी येताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सेल संपला असता तर यंत्र वेळही विसरलं असतं. पण घड्याळ तर बरोबर होतं. पहिल्यापासून बरोबर होतं. म्हणजे यंत्र काहीच विसरत नव्हतं. कोणी तरी

तिने वाटेतच नवऱ्याला फोन लावला.

"मी?" तो म्हणाला. "मला तो डबा चालू कुठून करतात ते माहीत नाही."

तिने दार उघडलं. खोलीत सासूबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. स्क्रीनवर बायोस. त्यांचं बोट कीबोर्डच्या बटणावर होतं आणि आकडा एक पायरी वर चढत होता.

सासूबाईंनी बोट उचललं.

"तू कमी करतेस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही वाढवता?"

"मला वाटलं आपोआप उतरतंय. सेल गेला असेल म्हणून मी परवा नवा आणून बसवला."

"मी मंगळवारी बसवला होता."

"तरीच. मी म्हटलं, जुना सेल इतका चकचकीत कसा."

सुनेला हसू आवरेना. सासूबाईही हसल्या, पण त्यांचं हसू आधी थांबलं.

"बोलला का नाहीत?" सुनेने विचारलं.

"तू कुठे बोललीस?"

सुनेने शेजारचं स्टूल ओढलं. "आई, या वेगाला चार पट्ट्या टिकत नाहीत. एक पायरी खाली सगळं नीट चालतं. मी दुपारभर तपासून बघितलंय."

"खाली केलं की उशीर होतो."

"कशाला?"

"सांगायला. वळण दिसतं आणि तोवर गाडी वळणावर आलेली असते."

"त्या दोन वेगांमधला फरक डोळ्याला कळत नाही हो."

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. तो स्वच्छच होता. "मला कळतो," त्या म्हणाल्या.

सुनेने त्यांच्यासमोर वेग खाली आणला. "आता हात लावायचा नाही."

"बरं."

"नक्की?"

"बरं म्हटलं ना. आता काय लिहून देऊ?"

&nbsp;

रविवार. पुन्हा नाही, ही फेरी एकदाच.

सून मागे उभी होती. नवरा दाराच्या चौकटीला टेकून केळं खात होता. बायकोने एकदा पाहिलं तेव्हा त्याने चावणं थांबवलं. स्पीकर चालू होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात चित्रं किती सुरळीत येताहेत ते दाखवणारा आकडा होता. सुनेची नजर त्याच्यावर होती. लिफ्ट पहिल्यांदा माणसं घेऊन वर निघाली की ती अशीच दोराकडे बघे.

"डावं पाच. सरळ. उजवं चार, आत घे."

आकडा स्थिर.

"चढ. चढापलीकडे डावं तीन."

गाडी चढावरून उडाली, टेकली, वळली. जिथे दर वेळी निळं होई ती जागा मागे पडली. नवऱ्याने केळ्याचा घास गिळला. आकडा स्थिर होता. खाली दाट जंगल लागलं, रस्ता निमुळता झाला, वळणं एकमेकांना चिकटून येऊ लागली.

"डावं चार, लगेच उजवं दोन."

'दोन' म्हणेपर्यंत झाड समोर आलेलं होतं. गाडी आडवी झाली, उतारावरून घसरत गेली आणि दगडांत जाऊन थांबली. काच तडकली. यंत्र मात्र शांतपणे चालू होतं. तडकलेल्या काचेवर पावसाचा एकेक थेंब नीट ओघळत होता. आकडा जराही हलला नव्हता.

"अरे यार," ब्रेक म्हणाला. त्याचा श्वास ऐकू येत होता. "परत अडकलं का गं?"

सासूबाईंचं बोट बोलायच्या बटणावर होतं. त्यांनी ते दाबलं नाही. त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे साधी आंघोळीच्या पाण्याची चौकशीही केली नव्हती. स्वतः जाऊन बादलीत हात घालून बघत. आता त्या नुसत्या बघत होत्या.

सुनेने वाकून त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि बटण दाबलं.

"मी त्यांची सून बोलतेय. हो, अजून थोडं बाकी आहे. पट्ट्या जुळत नाहीयेत. पुढच्या रविवारपर्यंत करून देते."

"नक्की ना?"

"लिफ्टा दुरुस्त करते मी. शब्द देते तेव्हा माणसं आत असतात."

ब्रेक हसला. "बरं बाई. एक रविवार थांबतो. नकाशा, ऐकलंस ना? एक."

त्याचा आवाज बंद झाला. नवरा न सांगता केळ्याचं साल घेऊन स्वयंपाकघरात निघून गेला.

"खोटं बोललीस," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"का?"

"मशीनला वाईट वाटत नाही."

सासूबाई हेडफोनच्या वायरीशी चाळा करत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "डोळ्याला दिसतं गं. तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. आधी असं नव्हतं. मला वाटलं, पूर्ण वेग दिला तर भरून निघेल."

सुनेने माऊस घेतला, शर्यतीतून बाहेर पडली आणि सरावाचा तोच जंगलातला रस्ता उघडला. स्टूल जवळ ओढून तिने कीबोर्ड आपल्यासमोर घेतला.

"हे काय?"

"वाचा. मी चालवते."

"तुला येतं?"

"नाही."

तिला खरंच येत नव्हतं. पहिल्याच वळणावर तिने कठडा घासला. सासूबाई वाचत होत्या. डावं पाच, सरळ, उजवं चार. दोघी एका झाडापासून वाचल्या, दुसऱ्यावर आपटल्या. सुनेने गाडी मागे घेतली, रस्त्यावर आणली आणि पुढे जायला बटणावर बोट ठेवलं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "गप्प का? तू चुकलीस की मी?"

सुनेने बोट उचललं. तिच्या ओठांवर नेहमीचं, मीच चुकले, आलं होतं. स्वयंपाकघरातून डबा सरकल्याचा आवाज आला आणि थांबला.

"तुम्ही," ती म्हणाली. "उशिरा सांगितलंत."

"किती?"

"दोन झाडं."

सासूबाईंनी खुर्ची पुढे सरकवली आणि स्क्रीनवरची झाडं उलट मोजत वळणाच्या दोन झाडं अलीकडे आल्या.

"घे मागे," त्या म्हणाल्या. "आणि चुकलं की लगेच सांग."