आठ की पाच

विनोदिनी देशकरला पाठ कसा आखावा हे शिकवणारा माणूस रायपुरात अजून जन्मायचा होता. निदान तिचं स्वतःचं मत तसं होतं, आणि ते चारचौघांत सांगायला ती लाजत नसे. बावीस वर्षं तिने एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवलं. तिची पाठाची वही पाहणाऱ्याने आधी हात धुवावेत अशी देखणी होती. उद्देश, साहित्य, पाच मिनिटं हे, दहा मिनिटं ते, सगळं आखीव रकान्यांत. मग शाळेच्या नव्या व्यवस्थापकांना तरुण चेहरे हवेसे वाटले आणि बाईंना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवण्यात आलं. ते श्रीफळ तिने रागाने फोडलंच नाही. तिला अजून शिकवायचं होतं, दुसरं काही नको होतं.

म्हणून कोरियातल्या एका खेड्यातल्या शाळेला ऑनलाइन शिकवणारी बाई हवी आहे असं कळलं, त्याच दिवशी तिने अर्ज ठोकला. तास जादा इंग्रजीचा. पुस्तक नाही, परीक्षा नाही. शाळा सुटल्यावर ज्याला वाटेल त्याने वर्गात येऊन बसावं आणि आपली बस आली की उठून जावं. रायपुरातल्या गुढियारीत, तिच्या घरी, सकाळचे साडेअकरा वाजले की तिकडे दुपारचे तीन. तीन मंगळवार तास घेऊन दाखवायचे, मग वर्षाचं काम द्यायचं की नाही ते ठरणार होतं.

पहिल्या मंगळवारी तिने पाच मुलांचा पाठ आखला, तर आली अकरा. दुसऱ्या मंगळवारी अकरांच्या जोड्या आणि गट पाडून ठेवले, तर आली तीन, आणि त्यातलंही एक बस आली म्हणून मधूनच उठलं. सहावीतली येरिन नावाची पोरगी दोन्ही वेळा हनुवटीला हात लावून बसली आणि तिने तोंडातून अक्षर काढलं नाही. तिथल्या शिक्षिका ह्वांगबाई वर्गात बसून हे सगळं पाहत होत्या. त्यांचा निरोप आला: ‘पुढच्या वेळी मुख्याध्यापक येऊन बसतील. तुमची आखणी सुंदर आहे, पण आमची मुलं तिच्यात मावत नाहीत.’

“मावत नाहीत म्हणे!” विनोदिनीने भेंडी अशी चिरली की विळीला दया यावी.

बाहेर ओट्यावर तिचे सासरे बाबाराव, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोरं जमवून खडूने आखलेल्या पटावर चिंचोके टाकत होते. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू पांढरी सपाट आणि दुसरी काळी गोल. असे चार टाकायचे. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि दोन्हीला वर आणखी एक डाव. एक पोट्टी आईने हाक मारली म्हणून उठून गेली, दोन नवी येऊन बसली.

“बाबा, अशी ये-जा चालू असली तर खेळ मोडत नाही का?”

“काहून मोडन? जो बसला तो खेळते. गाडी कोणासाठी थांबते का?” बाबाराव म्हणाले. “तू काहून तोंड पाडून राहिली?”

विनोदिनी विळी तशीच टाकून उठली आणि तिने वहीतला आखलेला पाठ टरकन फाडला.

मंगळवारी तिच्या बारावीतल्या लेकीने, मंजिरीने, मोबाइल टेबलावर असा टांगून दिला की कॅमेरा खाली पटावर रोखलेला राहील. लॅपटॉपच्या पडद्यावर सात मुलं होती आणि मागे हाताची घडी घालून मुख्याध्यापक. विनोदिनीने कागदी पट मांडला आणि चार चिंचोके टाकले.

मुलांनी एकच गिल्ला केला, “युत! युत!” आणि सगळीच्या सगळी वर्गाबाहेर पळाली.

उरल्या खुर्च्या आणि मुख्याध्यापक.

“मम्मी, सब भाग गए क्या?” मंजिरी कुजबुजली. हातचं गेलं, विनोदिनीला वाटलं, आणि तेही आपल्याच हाताने घालवलं.

तेवढ्यात धावत परत आली सगळी. येरिनच्या हातात चार लाकडी कांड्या होत्या, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने गोल. ह्वांगबाईंनी सांगितलं, “आमच्याकडे नव्या वर्षाला घरोघरी हाच खेळ असतो, त्याचं नाव युत. पट तेवढा निराळा.”

मग खेळ रंगला. इंग्रजीत आकडा म्हटल्याशिवाय सोंगटी हलवायची नाही. दोघं बस आली म्हणून गेली, तिघं नवी बसली, आणि डाव चालू राहिला. मग विनोदिनीचे चारही चिंचोके काळे पडले.

“एट!” ती म्हणाली.

येरिन उभी राहिली. “नो. फाइव्ह.”

विनोदिनीच्या वर्गात बावीस वर्षांत बाईंना नाही म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. “एट,” तिने शाळेतल्या बाईंच्या आवाजात बजावलं. मुख्याध्यापकांनी वहीत काहीतरी लिहिलं.

“नो, टीचर!” येरिन पडद्याला नाक टेकेपर्यंत पुढे आली. “ऑल राउंड इज फाइव्ह! माय ग्रँडमदर से फाइव्ह! एट इज टू मच! यू आर राँग!”

‘सिट डाउन’ विनोदिनीच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. दोन मंगळवार मुकी बसलेली पोर एका दमात चार वाक्यं बोलली होती.

“व्हाय?” विनोदिनीने विचारलं. “प्रूव्ह इट.”

मग काय, सगळेच तुटून पडले. मोडक्या-तोडक्या इंग्रजीत प्रत्येक जण आपापली आजी साक्षीला आणत होता. बाजूच्या खुर्चीवरून बाबाराव ओरडले, “आठच! पोट्टे हो, आठ!” आणि थेट कॅमेऱ्यासमोर येऊन बसले. बस दारात हॉर्न देत होती, तरी एकही मूल उठेना.

संध्याकाळी ह्वांगबाईंचा निरोप आला. वर्षभराचा तास विनोदिनीचा. खाली मुख्याध्यापकांची एक ओळ होती: ‘पुढच्या वेळी आजोबांनाही बसवा. मात्र पाचच.’

विनोदिनीने वही उघडली, नवं पान आखलं आणि उद्देशाच्या रकान्यात लिहिलं, ‘मुलांनी बाईंची चूक काढावी.’ मग ती देवघरातून ते सुकलेलं श्रीफळ घेऊन आली.

“बाबा, हे फोडून द्या मले.”

“देतो. पण आठ का पाच, ते बोल आधी.”

“ते मंगळवारी येरिनला सांगा,” विनोदिनी म्हणाली, “इंग्रजीत.”