वीसपैकी वीस

रुग्णालयाच्या तक्रारपेटीत वर्षभरात जेवढ्या चिठ्ठ्या पडल्या, त्यांतल्या निम्म्यांहून जास्त चिठ्ठ्यांत एकच रड होती: डॉक्टर नीट बोलत नाहीत. अधीक्षकांनी ही गोष्ट फार मनावर घेतली. तीन बैठका झाल्या, बिस्किटं संपली आणि चौथ्या बैठकीत एक फॉर्म जन्माला आला. त्यात वीस प्रश्न होते. डॉक्टरांनी बसायला सांगितलं का, नावाने हाक मारली का, निदान तीन सेकंद डोळ्यांत पाहिलं का, ‘मला समजतंय’ असं एकदा तरी म्हटलं का. पेशंटला काय समजलं, हे मात्र कुठेच विचारलं नव्हतं. कागद एकपानी ठेवायचा, असं समितीचं ठरलं होतं.

डॉक्टरांच्या खोलीत कोपऱ्यात बसून हा फॉर्म भरायला ऑपरेटरबाईंची नेमणूक झाली. बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. दोन माणसांच्या बोलण्यामध्ये बसायचं, सगळं कानावर पडू द्यायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही, हे त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. नेमणूकपत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की निरीक्षकाने पेशंटशी बोलू नये. ते वाचून धाकटी बहीण म्हणाली, “आक्का, तुला ही नोकरी दिली कुणी? तू तर राँग नंबरवाल्यालाही योग्य नंबर शोधून द्यायचीस.”

पहिला आठवडा करमणुकीत गेला. हाडांच्या डॉक्टरांना चार गुण मिळाले, तेही बाईंनी हात सैल सोडला म्हणून. ते एक्स-रेकडे ज्या मायेने बघत, तिचा शतांश ज्याचं हाड मोडलंय त्याच्या वाट्याला येत नसे. कानाच्या डॉक्टरांनी फॉर्मची प्रत टेबलाच्या काचेखाली सरकवली होती आणि पेशंट खुर्चीत टेकायच्या आतच ते ‘मला समजतंय’ म्हणून मोकळे होत. त्वचेच्या डॉक्टर मनातल्या मनात तीन सेकंद मोजत. त्यांचे ओठ हलताना दिसत.

या सगळ्यांत हसऱ्या डॉक्टरांची गोष्टच वेगळी. ते सांध्यांचे डॉक्टर. तरुण, नीटनेटके, आणि चेहऱ्यावर असं हसू की माणसाला आपला आजारच किरकोळ वाटावा. ते फॉर्म बघून वागत नव्हते, मुळातच तसे होते. त्यांच्या खोलीत बसलं की बाईंना बरं वाटायचं. बघता बघता वीसच्या वीस खुणा होत आणि शेऱ्याच्या जागी बाई आपल्या वळणदार अक्षरात लिहीत, ‘आदर्श संवाद’.

दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे एक शिंपी आला. बरोबर बायको. दोन महिने त्याच्या बोटांचे सांधे सुजले होते आणि कात्री धरवत नव्हती. डॉक्टरांनी त्याचे हात आपल्या हातात घेतले, एकेक बोट हलकेच दाबून बघितलं. शरीराची राखण करणारी यंत्रणाच कशी उलटते आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडते, ते त्यांनी इतकं गोड करून सांगितलं की शिंप्याच्या बायकोला ती यंत्रणा घरातल्या जावेसारखी वाटली असावी. तिने समजून मान हलवली. मग गोळ्या आल्या. दोन रोजच्या. “आणि ही पिवळी मात्र विकली घ्यायची हं. समजलं ना? आणखी काही विचारायचंय?”

शिंप्याला काही विचारायचं नव्हतं. बाईंच्या कानालाही काही खटकलं नाही. एक्स्चेंजमध्ये त्यांना विकली ऑफ असायचा. त्यांनी विसावी खूण केली.

चहाच्या सुट्टीत बाई बाहेरच्या बाकावर टेकल्या, तर शेजारी तेच नवरा-बायको पाकिटं मांडून बसलेले. शिंपी खुशीत होता. बायकोला सांगत होता की डॉक्टरांनी पिवळी विकत घ्यायला सांगितली होती, पण औषधांच्या खिडकीवरच्या माणसाने ती इथेच फुकट दिली; डॉक्टरांनाही आपल्या दवाखान्यात काय मिळतं ते माहीत नसतं.

बाईंचा कप ओठांपाशीच थांबला. नेमणूकपत्रातली ठळक ओळ त्यांना आठवली, नाही असं नाही.

“दादा, ती पिवळी कशी घ्यायची म्हणालात?”

“रोज एक, ताई. बाकीच्यांसारखीच.”

बाईंनी कप बाकावर ठेवला, शिंप्याला उठवलं आणि दार न ठोठावता त्याला आत नेलं. आत दुसरा पेशंट होता. डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं की आपण विकली म्हणालो होतो, बाई तिथेच होत्या.

“होते ना,” बाई म्हणाल्या. “तुम्ही विकली म्हणालात, मी विकली ऐकलं, आणि यांनी विकत ऐकलं. ते रोज घेणार होते.”

त्या खोलीत हसू नसलेला डॉक्टरांचा चेहरा बाईंनी पहिल्यांदाच बघितला. तो बराच लहान दिसत होता. ते शिंप्याकडे वळले आणि म्हणाले की दादा, चूक माझी. ही गोळी आठवड्यातून एकदाच, फक्त रविवारी, रोज घेतली तर जिवावर बेतेल. मग खुर्चीत मागे टेकून हळूच बाईंना म्हणाले, “मी सगळ्यांना असंच सांगतो.”

चार महिन्यांत त्यांनी ती गोळी त्रेचाळीस जणांना दिली होती. दुपारी दोघांनी यादी वाटून घेतली आणि फोन लावले. बहुतेक जण बरोबर घेत होते. चौघांचा घोळ होता, पण ते थोडक्यात वाचले होते. त्यांतल्या एका आजींनी तर गोळ्या उघडल्याच नव्हत्या, डॉक्टरांच्या बोलण्यानेच त्यांना बरं वाटलं होतं. पाचवे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना फोनवर बोलता येईना, सून बोलली. तोंड फोडांनी भरलंय, पाणी उतरत नाही. पिवळी गोळी? हो, नेमाने रोज देतेय, आज नववा दिवस.

संध्याकाळी पोस्टमास्तरांना दाखल केलं. बाईंनी आपली फाईल उघडली. नऊ दिवसांपूर्वीचा फॉर्म तिथे होता. वीसपैकी वीस, आणि खाली त्यांचंच वळणदार अक्षर. बाईंनी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. घरी जाऊन त्या जेवल्या नाहीत.

पोस्टमास्तर सतरा दिवसांनी घरी गेले. वाचले. डॉक्टर रोज त्यांच्या उशाशी जाऊन बसत, आणि ते हसत नसत.

समितीनेही प्रकरण गांभीर्याने घेतलं. हसऱ्या डॉक्टरांना उत्कृष्ट संवादाचं प्रशस्तिपत्र मिळालं, कारण गुणांची बेरीज आधीच वर गेली होती आणि बेरीज मागे घेण्याची तरतूद नव्हती. डॉक्टर ते नको म्हणत होते. त्यांना सांगण्यात आलं की नम्रतेसाठी वेगळे गुण नाहीत. बाईंना पेशंटशी बोलल्याबद्दल खुलासा मागण्यात आला. त्यांनी एका ओळीचा खुलासा दिला: बोलले. खाली सही करून त्यांनी पेन टोपणात घातलं आणि कोपऱ्यातली खुर्ची सोडली.

दोन महिन्यांनी बाई स्वतःचा गुडघा दाखवायला हसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. बाहेर रांग दारापर्यंत आली होती आणि लोक वैतागले होते. आत कोपऱ्यात नवा निरीक्षक बसला होता. डॉक्टरांनी बाईंना गोळी दिली आणि विचारलं, “आता घरी जाऊन बहिणीला काय सांगाल? मला सांगा.” बाईंनी सांगितलं. एक गोष्ट चुकली. डॉक्टरांनी ती सुधारली आणि पुन्हा म्हणून घेतलं.

बाहेर पडताना बाईंनी निरीक्षकाच्या कागदावर नजर टाकली. वीसपैकी अकरा. शेरा होता, ‘तेच तेच विचारतात, पेशंटच्या बुद्धीवर अविश्वास दाखवतात.’

गुडघा सांभाळत, जेवणानंतर एक, सात दिवस, दूध नको, असं पुटपुटत त्या जिना उतरल्या.