मी आपोआप उघडले नव्हते

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. घराचे नव्हे, मोटारीचे. एका ॲम्बेसेडर गाडीचे मागचे उजवे दार. सध्या नागपुरात जरीपटक्याला एका गॅरेजच्या मागे मला कोंबड्यांच्या खुराड्याला लावले आहे. गॅरेजवाला मला दिवसातून दोनदा लाथेने बंद करतो. म्हातारपणी फार मानपान मागू नये, एवढी अक्कल मला आहे. पण माझ्यावर एकदा खोटा आळ आला होता आणि तो अजून खुपतो. तेवढे ऐकून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा दाबून मला आकार दिला, दुधासारखा पांढरा रंग दिला आणि पोटात एक खटका बसवला. दाराचा सगळा जीव त्या खटक्यात असतो. खटका धड तर दार धड. माझा खटका पहिल्या दिवसापासून चोख होता. ही बढाई नाही. पुढे काय झाले ते कळायला ही गोष्ट लक्षात असलेली बरी.

आमचे पहिले मालक एक डॉक्टर होते. ते थकले तेव्हा त्यांनी गाडी देवाजींना विकली. देवाजी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते आणि रामबागेत राहत. छप्पन साली त्यांचे वडील बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन घरी आले, तेव्हा देवाजी मॅट्रिकला होते. त्या घरात आलेली पहिली मोटार म्हणजे आम्ही. त्यांची बायको रुख्मिणी रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायची. डॉक्टरांकडे नोकर पुसत असे, तोही आठवड्यातून एकदा, कोपरे सोडून. रुख्मिणीबाई कोपरे सोडत नसत. इतके लाड माझे पुढे कधी झाले नाहीत.

मग चौऱ्याहत्तर साल आले. पेट्रोल एकदम महागले. शहर बसचे तर काय सांगावे, आली तर आली. देवाजींच्या मनात आले, गाडी रोज सिव्हिल लाइन्सला रिकामी जाते, कचेरीतल्या कोणाला बरोबर घ्यावे. त्यांनी दोघांना विचारले. एक गोपाळराव, त्याच कचेरीतले हेडक्लार्क, राहणार महालात. दुसऱ्या प्रेमिलाबाई, टायपिस्ट, कॉटन मार्केटजवळच्या. गोपाळरावांनी पेट्रोलचा विषय काढला तेव्हा देवाजी हसून म्हणाले, मी काय टॅक्सी चालवतो? तो विषय तिथेच मिटला.

पैसे नाहीत म्हटल्यावर उरते ती भीड, आणि भिडेचा हिशेब लवकर मिटत नाही.

गोपाळराव बडकस चौकात उभे असत. पहिल्या दिवशी देवाजींनी हात लांब करून पुढचे दार उघडून दिले. गोपाळरावांनी ते पाहिले, न पाहिल्यासारखे केले, आणि मला उघडून मागे बसले. बसण्याआधी सीटवर वर्तमानपत्र पसरले. धोतराला डाग नको म्हणाले. सीट रुख्मिणीबाईंनी तासाभरापूर्वीच पुसलेली होती. देवाजींनी आरशातून ते पाहिले आणि गिअर टाकला. मग कॉटन मार्केटजवळ प्रेमिलाबाई चढत. त्या काळी बाईमाणसाने परक्या पुरुषाशेजारी पुढे बसणे लोकांच्या डोळ्यांत आले असते, म्हणून त्याही मागेच बसत, डाव्या बाजूला. म्हणजे पुढे देवाजी एकटे आणि मागे दोघे. रस्त्यावरच्या माणसाला वाटे, साहेब मागे बसलेत आणि ड्रायव्हर गाडी चालवतोय. पेट्रोल पंपावरचा माणूस गोपाळरावांनाच सलाम ठोकायचा. गोपाळराव तो घ्यायचे. मला याचा फार राग यायचा.

पण माणूस अगदीच वाईट नव्हता. भिडस्त होता. आपल्यामुळे गाडीला एक मिनिट उशीर झालेला त्यांना खपत नसे. म्हणून गाडी पुरती थांबायच्या आत, नको नको, इथेच, इथेच, असे म्हणत ते उतरून जात. उतरताना ते कधी मागे पाहत नसत. देवाजीही काही बोलत नसत. वडीलधाऱ्या माणसाला, त्यातून हेडक्लार्कला, कसे उतरायचे ते काय शिकवायचे? दोघेही शिष्टाचार पाळत होते आणि मी मधल्यामध्ये जीव मुठीत धरून होते.

जुलैतला मंगळवार होता तो. देवाजी नऊ वर्षे तात्पुरत्या जागेवर होते आणि त्यांना कायम करण्याचा हुकूम त्याच महिन्यात निघणार होता. सकाळी रुख्मिणीबाईंनी मला पुसताना देवाजींना तेच चार वेळा विचारले होते. सीताबर्डीच्या चौकात पोलिसाने हात दाखवला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली. गोपाळरावांना त्या दिवशी पोस्टात रजिस्टर पत्र द्यायचे होते. डावीकडून उतरायचे तर आधी प्रेमिलाबाईंना खाली उतरवावे लागले असते, ते त्यांना बरे वाटेना. ते म्हणाले, इथेच उतरतो, तुम्ही कडेला घेऊ नका. देवाजींना उशीर झाला होता. त्यांनी मान हलवली.

गोपाळरावांनी माझी मूठ ओढली आणि मला सताड उघडले.

मागून सायकल येत होती. मला ती दिसत होती, मित्रांनो. पण दाराला स्वतःहून मिटता येत नाही. सायकल माझ्या काठावर आदळली, माझा पत्रा आत गेला, आणि माणूस पलीकडे पडला. त्याचे गाठोडे सुटून नऊवारी लुगडी रस्त्यावर पसरली. तो गोळीबार चौकाकडचा विणकर होता, नत्थू नावाचा, घरच्या मागावर विणलेली लुगडी दुकानात द्यायला निघालेला. त्याचा उजवा हात मनगटाजवळ वेडावाकडा झाला होता. तो ओरडला नाही. डाव्या हाताने तो आधी लुगडी गोळा करू लागला, तेव्हा प्रेमिलाबाई धावल्या आणि त्यांनी ती उचलली.

गर्दी जमायला नागपुरात कितीसा वेळ लागतो? हवालदार आला. समोरच्या दुकानदाराने खुर्ची आणली, ती गोपाळरावांना दिली, आणि गोपाळराव बसले. हवालदार देवाजींकडे वळून म्हणाला, "ड्रायव्हर, लायसन काढ."

"गाडी माही आहे," देवाजी म्हणाले. "मी ओव्हरसियर आहो."

हवालदाराने त्यांच्याकडे पाहिले, मग खुर्चीवरच्या गोपाळरावांकडे पाहिले. गोपाळरावांनी खाली मान घालून उपरणे सारखे केले. खुर्ची काही हलली नाही. पुढे हवालदार देवाजींना अहोजाहो करू लागला खरा, पण ते उभेच राहिले.

एवढ्यात कोणीतरी नत्थूसाठी सायकलरिक्षा आणली. नत्थू चढेना. फूटपाथवर हात मांडीवर धरून तो बसून राहिला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"माह्या मांगं काय लिहून राहिले ते ऐकतो, मंग जातो," तो म्हणाला. "नाही तं उद्या म्हणाल, सायकलवालाच आंगावर आला."

पंचनाम्याचा कागद बॉनेटवर पसरला होता. हवालदाराने विचारले, दार कोणी उघडले? हा प्रश्न सोपा होता. उत्तर तिघांना ठाऊक होते. देवाजींनी पोलिसांत अडकायचे म्हणजे कायमचा हुकूम गेलाच समजा. गोपाळरावांच्या निवृत्तीला दोन महिने होते, आणि केस झाली तर पेन्शनचे कागद अडले असते. प्रेमिलाबाईंच्या कामाचा शेरा दरवर्षी गोपाळरावच लिहीत. कोणीच बोलेना. मी तर बोलूच शकत नव्हते.

शेवटी गोपाळराव बोलले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "दार सैल आहे हो. आपोआप उघडलं. मी नुसता टेकलो होतो."

मला काय वाटले ते कसे सांगू? बारा वर्षांत मी एकदाही आपोआप उघडले नव्हते. खड्ड्यात नाही, रेल्वेच्या फाटकावर नाही, डॉक्टरांची नातवंडे लोंबकळली तेव्हाही नाही. हवालदाराने मला बंद केले, धरून हिसके दिले, गुडघा मारून पाहिला. पत्रा चेपलेला असूनही मी खटका आवळून धरला. आयुष्यात इतका जोर मी कधी लावला नव्हता. पण हवालदार म्हणाला, आता लागते, तेव्हा नीट लावले नसेल. आणि दार नीट ठेवणे हे गाडीवाल्याचे काम. म्हणजे आळ माझ्यावर आणि दंड देवाजींवर.

सगळे देवाजींकडे पाहू लागले. एक वाक्य बोलले असते तर ते सुटले असते. पण आपण ज्याला बोलावून गाडीत बसवले त्याच्याकडे बोट दाखवायचे, हे त्यांच्या वळणात बसत नव्हते. आणि मघाशी हलवलेली मान त्यांच्या मनातून जात नव्हती.

"मी गाडी कडेला घ्याले पाहिजे होती," ते म्हणाले. "तेवढी चूक माही आहे."

हवालदाराला तेवढेच हवे होते. चालकाने चूक कबूल केली, असे त्याने लिहिले आणि पेन देवाजींच्या हातात दिले. मला वाटले, आता संपले. खरे बोलणारा माणूस बुडतो तो असा. अर्धेच खरे बोलतो, उरलेले अर्धे दुसऱ्यासाठी सोडतो, आणि दुसरा ते उचलत नाही.

"थांबा," प्रेमिलाबाई म्हणाल्या. हातात अजून ती लुगडी होती. "दार सैल नाही, हवालदारसाहेब. मी दोन महिने याच गाडीनं येऊन राहिली. मांगच्या सीटवर आम्ही दोघंच होतो, आणि मी डावीकडे होती."

एवढेच. नाव घेतले नाही. गोपाळरावांनी एकदम त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत यंदाचा शेरा होता, तो मला दिसला आणि प्रेमिलाबाईंनाही दिसला असणार. पण त्या मागे हटल्या नाहीत. मग गोपाळरावांनी नत्थूकडे पाहिले. नत्थू त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हता. तो आपल्या सुजत चाललेल्या हाताची बोटे एकेक करून हलवून पाहत होता. दोन बोटे हलत नव्हती.

गोपाळराव खुर्चीवरून उठले. त्यांना उठायला फार वेळ लागला.

"मी उघडलं," ते म्हणाले. "न बघता उघडलं. दार चांगलं आहे."

शेवटचे तीन शब्द त्यांनी कशाला उच्चारावेत? कोणी विचारले नव्हते. मित्रांनो, माझा ऊर तेव्हा भरून आला.

नत्थू उठला आणि रिक्षात बसला. प्रेमिलाबाई गाठोडे घेऊन त्याच्याबरोबर दवाखान्यात गेल्या.

कोर्टात दोघांना शिक्षा झाली. गोपाळरावांना दंड, देवाजींना भर रस्त्यात माणूस उतरू दिल्याची समज. कायमचा हुकूम पाच महिने लांबला, पण निघाला. गोपाळरावांचे पेन्शन म्हणे वर्षभर अडले. प्रेमिलाबाईंचा शेरा मात्र त्यांनी जाताना चांगला लिहिला. आमच्या गाडीत ते पुन्हा बसले नाहीत. निवृत्त होईपर्यंत बडकस चौकात बसच्या रांगेत दिसायचे. देवाजी वेग कमी करायचे, आणि गोपाळराव हात हलवून पुढे जायला सांगायचे. मला त्यांचा राग होता, खोटे कशाला बोलू? पण ती खुर्ची सोडणे त्यांना किती जड गेले ते मी हातभर अंतरावरून पाहिले होते. तो राग माझ्याच्याने टिकवला गेला नाही.

नत्थूचा हात वाकडा बसला. मागावरचा धोटा झटक्याने फेकावा लागतो, ते आता त्या मनगटाला जमेना. मागावर त्याची बायको कांताबाई बसू लागली आणि तो धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरू लागला. प्लास्टर निघाले त्या दिवशी देवाजींनी दोघांना दवाखान्यातून घरी आणले. नत्थू गाडीत बसायलाच तयार नव्हता, कांताबाईने बसवला. ती डावीकडे बसली, तो माझ्याजवळ.

घर आले. देवाजींनी गाडी नीट कडेला घेतली. कांताबाई उतरली. नत्थूने माझ्या मुठीवर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला.

"उतर ना गा," देवाजी म्हणाले.

"मांगून कोणी येऊन राहिलं का, तेवढं पाहून घ्या," नत्थू म्हणाला. "मले पाहू वाटत नाही."

देवाजी खाली उतरले. गाडीला वळसा घालून मागे गेले आणि रस्त्यात उभे राहिले. तीन सायकली आल्या, त्यांनी त्या जाऊ दिल्या. मागून एक हातगाडी येत होती, तिलाही जाऊ दिले. मग येऊन त्यांनी मला बाहेरून उघडले, आणि नत्थू पूर्ण उतरेपर्यंत मला धरून ठेवले.

तेव्हापासून आमच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला देवाजी आधीच सांगत, उतरायची जागा मी ठरवीन आणि मी म्हणेन तेव्हाच दार उघडायचे. काही जणांना ते उद्धट वाटले. एक साहेब तर रागावून परत आलेच नाहीत. देवाजींनी त्यांची समजूत घातली नाही.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कोणाच्या गाडीत बसाल, कोणाला आपल्या गाडीत बसवाल. गाडीवाल्याला उशीर होईल, त्याला वळसा पडेल, म्हणून संकोच करू नका. आणि तुम्ही गाडीवाले असाल तर समोरचा कितीही मोठा असो, त्याला थांब म्हणायला लाजू नका. आमच्या गाडीत दोन भली माणसे एकमेकांना दुखवायचे नाही म्हणून गप्प बसली, आणि हात मोडला तो तिसऱ्याचाच.