धर, सोड

मी सवत बोलतेय. दचकू नका, हे नाव मला घरातल्या बाईंनीच ठेवलंय. एरवी मी एक गिटार. मोठ्या पोटाची, बारीक मानेची, आणि सध्या जीव टांगणीला लागलेली.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. माझी फळी त्याने इतकी तासली, की त्याची बायको ओरडायची, "अहो पुरे, भोक पडेल तिला!" दोन वर्षं मी दुकानाच्या काचेमागे उभी होते. मग बस डेपोतला एक फिटर आला. ग्रीसचे हात पँटला पुसून त्याने मला उचललं, ते घरीच आणलं.

दर शनिवारी संध्याकाळी नाचाच्या हॉलमध्ये त्याचा बँड वाजायचा. वेस्टर्न स्विंग म्हणतात त्या अमेरिकन नाचाच्या संगीताला. त्यात भाव खायचा तो व्हायोलिनवाला. आमचं काम मागे बसून ताल सांभाळायचं. माझ्या तारा सहा, पण वाजवायच्या तीनच. त्या दाबायच्या, झटका मारायचा आणि लगेच बोटं सैल करायची. मग 'चक्' असा कोरडा आवाज निघतो आणि लोकांचे पाय आपोआप उचलतात. बोटं दाबून ठेवली तर सूर घुमत बसतो आणि नाचणारे अडखळतात. तीस वर्षं फिटर तोंडातल्या तोंडात स्वतःच्या बोटांना बजावायचा, "धर, सोड. धर, सोड." त्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार? तो माझ्यावर वाकलेला असायचा, म्हणून मला तेवढं ठाऊक.

"शनिवार सवतीचा!" असं म्हणून फिटरची बायको, म्हणजे आमच्या बाई, नाक मुरडायच्या. फडकं हातात घेतलं की धूळ मात्र आधी माझीच पुसायच्या.

एका सकाळी वर्कशॉपमध्ये काम करता करता फिटर कोसळला. अर्धांगवायू. डावा हात गेला, बोलणं गेलं. तोंडात एकच शब्द उरला, "सोड."

पाणी पाजताना "सोड." कूस बदलताना "सोड." बाई त्याचा हात घट्ट धरून रडायच्या, "अहो, असं अभद्र काय बोलता? नाही सोडणार मी तुम्हाला!" धाकटी नणंद भेटायला आली, ती हळूच म्हणाली, "वहिनी, दादाला सुटका हवीय गं." बाईंनी तिला चहासुद्धा विचारला नाही. अहो, ज्या शब्दावर त्याची बोटं तीस वर्षं चालली, तोच उरला होता त्याच्याजवळ! मी भिंतीवर टांगलेली. कुणाला सांगणार, आणि कुठल्या तोंडाने?

मग व्हायोलिनवाला आला. खाटेजवळ बसून त्याने एक नाचाची चाल वाजवली, आणि पांघरुणातून फिटरचा उजवा पाय हलला. दुसऱ्या ठोक्याला, चौथ्या ठोक्याला. अगदी बरोबर, माझा 'चक्' पडायचा तिथेच. बाईंनी ते पाहिलं.

"भावजी, मला हिच्यावर शिकवा."

"वहिनी, या वयात?"

"तुम्ही रोज येणार आहात का? नाही ना? मग शिकवा."

त्याने एका दुपारी तीन कॉर्ड, म्हणजे तारा एकत्र दाबायच्या तीन जागा, दाखवल्या, जी, सी आणि डी. कागदावर बोटांचे ठिपके काढून दिले. जाताना म्हणाला, "मला एवढंच येतं हो. मागचं काम त्याचं होतं." सोडायचं कसं, ते त्यालाच कुठे माहीत होतं!

बाई हात धुऊन माझ्यामागे लागल्या. बोटांना फोड आले, त्यांवर पट्ट्या आल्या. ठिपके चुकत नव्हते, पण दाबलेली तार काही सुटत नव्हती. सगळा जीव बोटांत आणून धरायच्या. सूर घुमायचा, पाय गप्प. फिटर कळवळून म्हणायचा, "सोड!" तशा त्या आणखी जोरात दाबायच्या. "नाही म्हटलं ना!" अशी आमची तिघांची दैना. माझं लाकूड फुटेल की काय असं मला वाटायचं.

एका दुपारी फोड फुटला. "आई गं!" म्हणत बाईंनी बोटं जराशी उचलली. चक्! पाय हलला. त्यांनी परत वाजवलं, परत बोटं उचलली. चक्! फिटर शांतपणे, तालात म्हणाला, "सोड."

"अगं बाई! तुम्ही या बोटांना म्हणत होतात होय? मग नीट सांगायचं ना!" आपण काय बोललो ते लक्षात आलं आणि त्या हसत हसत ढसाढसा रडल्या. माझ्यावर पाणी पडलं, पण मी अजिबात कुरकुर केली नाही.

पुढचे अकरा दिवस आमच्या घरी रोज शनिवार होता.

परवापासून पाय हलत नाही. सकाळपासून तो शब्दही आलेला नाही. डॉक्टर म्हणाले, जवळच्या माणसांना बोलवून घ्या. नणंद निघाली आहे. बाई सकाळपासून वाजवताहेत आणि आता थांबल्यात. बोटं 'जी' कॉर्डवर आहेत, घट्ट दाबलेली. सूर केव्हाच विरला, तरी त्या उचलत नाहीत. तार पट्टीतून बोटांत रुतते आहे.

तुमच्यापैकी कुणी या खोलीत आलंच, तर त्यांना सांगा हो, "बाई, आता सोडा."

नाही, थांबा. नका सांगू. छाती अजून वरखाली होतेय त्याची. धर, बाई. अजून एक फेरी. धर.