शेपटीला दूध कोणी पाजलं

त्या सकाळी शेपटी उठली नाही. गोठ्याच्या कोपऱ्यातल्या तिच्या कप्प्यात गवतावर पाय दुमडून पडून राहिली. बाबांनी बाटली पुढे केली तर मान वळवून घेतली. मागचा सगळा भाग हगवणीने लडबडलेला, डोळे खोल गेलेले.

शेपटी म्हणजे सहा आठवड्यांची कालवड. तिच्या आईने तिला पहिल्या दिवसापासून जवळ उभं केलं नाही. कासेला तोंड लावलं की लाथ. मग बाबांच्या बायकोने तिला बाटलीने दूध पाजायला सुरुवात केली. तेव्हापासून कालवड सारखी तिच्या मागे. गोठ्यात मागे, अंगणात मागे, एकदा तर थेट स्वैपाकघरात. म्हणून नाव पडलं शेपटी. असा आठवडा गेला, आणि एका दुपारी बाबांची बायको कपडे वाळत घालता घालता खाली बसली ती पुन्हा उठली नाही. तिने हाती घेतलेलं शेवटचं काम म्हणजे ही कालवड. हे घरातल्या चौघांनाही ठाऊक होतं, आणि चौघंही ते बोलत नव्हते.

चौघं म्हणजे बाबा, त्यांचा मुलगा, सून, आणि बाबांची थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणत.

भेटायला येणारी माणसं येऊन गेली, घर शांत झालं, तेव्हा बाबांनी जेवताना सांगून टाकलं होतं, "हिची कामं मी करीन. कोंबड्या, कालवड, दुधाची भांडी. कोणी मध्ये हात घालायचा नाही."

बाबा एवढं सलग बोलले हेच पुष्कळ होतं. बायको होती तोवर त्यांचं घरातलं बोलणं तिच्यामार्फतच चाले. सून समोर उभी असली तरी ते बायकोला म्हणायचे, "तिला सांग, चहात साखर फार झालीय." आणि ती सुनेकडे वळून म्हणायची, "ऐकलंस का गं, यांना तुझा चहा गोड लागला."

आता मध्ये कोणी नव्हतं. त्यामुळे त्या सकाळी भांडण झालं ते थेट झालं.

सून धार काढून बादली घेऊन निघाली होती. बाबा कप्प्यातूनच म्हणाले, "बाटली घाण राहिली असणार. त्याशिवाय पोट बिघडत नाही."

"बाटली घाण नाही, बाबा. मी रोज उकळते."

"तू? तू कशाला हात लावतेस बाटलीला? सांगितलं होतं ना मी?"

सुनेने बादली दुसऱ्या हातात घेतली.

"तरीच. तू उकळतेस, मी धुतो, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. जनावर मरायला टेकलंय इथे."

सुनेने बादली खाली ठेवली. जोरात नाही, हळूच ठेवली, आणि तेच बाबांना जास्त लागलं. "बरं," एवढंच म्हणून ती घरात गेली. दूध तसंच गोठ्यात राहिलं आणि मांजराने त्यात तोंड घातलं.

मुलगा वैरण टाकत होता. त्याने वडिलांकडे पाहिलं, घराच्या दाराकडे पाहिलं, आणि दोन्हीकडे न जाता खिशातून फोन काढून जनावरांच्या डॉक्टरबाईंना लावला. लग्न झाल्यापासून तो हेच शिकला होता.

डॉक्टरबाई तासाभरात आल्या. गमबूट, हातात बॅग, आणि बोलायला फटकळ. त्यांनी शेपटीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच सपाट झाली नाही, तंबूसारखी उभीच राहिली. डॉक्टरबाईंनी तोंडात बोट घालून पाहिलं.

"अंगातलं पाणी गेलंय सगळं. किती दूध पिते?"

"सकाळी दोन लिटर, संध्याकाळी दोन," बाबा म्हणाले. "ही द्यायची तेवढंच. थेंब जास्त नाही."

डॉक्टरबाईंनी शेपटीच्या पोटावर हात ठेवला, मग खालचं घाण झालेलं गवत काठीने उलटून बघितलं. "काका, चार लिटरवर एवढं होत नाही. हे पिऊन पिऊन झालंय. कोण पाजतं आणखी?"

"कोणी नाही. मी एकटा."

एव्हाना अक्का काठी टेकत येऊन उभी राहिली होती. सूनही दाराशी आली होती, पण आत न येता.

"मी विचारते ते चिडून विचारत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला खरं कळलं नाही तर मी चुकीचं औषध देईन, आणि ही उद्या सकाळ बघणार नाही. कोण पाजतं?"

सून दारातून एक पाऊल आत आली.

"मी सकाळी सात वाजता देते," सून म्हणाली. "बाबा कोंबड्यांकडे गेले की. एक लिटर. कधी दीड."

बाबांनी वळून पाहिलं.

"बाबा, पहिल्या आठवड्यात तुम्ही दोन पायांत दोन वेगवेगळे बूट घालून हिंडत होता. कोंबड्यांचं दार उघडं टाकलंत. दूध तापत ठेवून विसरलात. आणि ही सात वाजता अशी हंबरायची की जसं काही आठ दिवसांची उपाशी आहे. मला वाटलं, राहून जातंय तुमच्याकडून. म्हणायचं तर कसं म्हणणार?"

"मी दुपारी देतो, लिटरभर," मुलगा खाली बघत म्हणाला.

"तुम्ही पण?" सून म्हणाली.

"तुला काय सांगू? तू म्हणाली असतीस, बाबांच्या कामात ढवळाढवळ नको."

"अहो, म्हणून तर डेअरीत दूध कमी भरत होतं! आणि तुम्ही गाईंना पेंड वाढवत बसलात!"

"मला वाटलं गाई आटायला लागल्या."

सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं. अक्काने पदर सारखा केला.

"माझ्याकडे काय बघताय? मी चार वाजता देते. माझा चहा होतो, तेव्हा तिलाही नको का? मी माणूस, ती काय दगड? आणि थोडंसंच."

"थोडं म्हणजे किती, आजी?"

"बाटलीभर."

डॉक्टरबाईंनी बोटांवर हिशेब केला आणि मध्येच सोडून दिला. "म्हणजे आठच्या वर. जेमतेम कमरेएवढं वासरू हे! आणि बाटली धुऊन जागच्या जागी कोण ठेवायचं?"

"मी," तिघं एकदम म्हणाले.

बाबा गव्हाणीच्या कठड्यावर बसले. त्यांना राग यायला हवा होता. घरातले सगळे महिनाभर त्यांना विसराळू समजत होते. पण त्यांना एक गोष्ट आठवली.

बायको असती तर असं कधी झालं नसतं. शेपटीला पाजताना तिच्या खांद्यावर एक जुना निळा टॉवेल असायचा. पाजून झालं, कालवडीचं तोंड पुसलं, की ती तो टॉवेल कप्प्याच्या फाटकावर टाकायची. पुढच्या वेळी पुन्हा खांद्यावर. फाटकावर टॉवेल म्हणजे पोट भरलंय. हे तिने कोणाला शिकवलं नव्हतं, आठवडाभरात घराला आपोआप कळलं होतं. आणि ती गेली त्या संध्याकाळी बाबांनी फाटकावरचा टॉवेल काढून घेतला, घडी केली, आणि कोणाला न सांगता आपल्या उशाखाली ठेवला. त्याला तिचा वास होता.

"दूध बंद," डॉक्टरबाई सांगत होत्या. "उद्या सकाळपर्यंत एक थेंब नाही. ही पावडर पाण्यात, दर तीन तासांनी अर्धा लिटर. तोंड लावत नसेल तर बोट चोखायला द्या आणि मग बाटली. कोरडं गवत घाला, अंग पोत्याने झाका. आणि कोणी किती दिलं ते सगळ्यांना कळलं पाहिजे. नाहीतर तुम्ही हिला मायेने माराल."

त्या गेल्यावर बाबा घरात गेले आणि टॉवेल घेऊन आले. सून गवत बदलत होती. अक्का कठड्यावर बसून तिला काय चुकतंय ते सांगत होती. बाबांनी टॉवेल फाटकावर टाकला आणि तिथेच उभे राहिले.

"अक्का," ते म्हणाले, "सूनबाईला सांग..."

"मी नाही सांगणार," अक्का म्हणाली. "मला माझी कामं आहेत. तोंड तुझं, सून तुझी, सांग तूच."

बाबांनी घसा साफ केला. दोनदा केला. "बाटलीवरून बोललो ते चुकलं माझं."

सुनेने गवत पसरणं थांबवलं नाही. "मी पण चोरून पाजायला नको होतं."

"आणि... हा टॉवेल मीच उचलला होता. इथे असता तर तुम्हाला कळलं असतं."

"आम्ही सगळा गोठा शोधला होता तेव्हा. कुठे होता?"

बाबांनी सांगितलं नाही, पण कान लाल झाले, आणि अक्काला ते पुरलं. तिने टॉवेल ओढून नाकाशी नेला. "शी! नासक्या दुधाचा वास येतोय! आणि हा उशाला घेऊन झोपत होतास? महिनाभर?"

"तो हिचा वास आहे," बाबा म्हणाले.

"दुधाचा आहे रे, बाबा."

सुनेने टॉवेल तिच्या हातातून घेतला आणि हुंगला. "आईंना कधी दुसरा वास होता का, अक्का?" ती म्हणाली. मग तिने तो झटकला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला. "आज धुते. मग चालेल ना, बाबा?"

बाबांनी मान हलवली. खरं तर जरा अवघड गेलं, पण हलवली.

दिवसभर पाळ्या लावून पाणी पाजलं. दुपारी शेपटीने मुलाचं बोट चोखलं. संध्याकाळच्या पाळीला बाबांनी पोत्याखाली हात घालून पाहिलं तर कान अजून गार होते. सकाळी ते गोठ्यात गेले तेव्हा शेपटी पोतं पाठीवर घेऊन उभी होती, पाय फाकून, डुगडुगत. पोतं पडलं, त्याच्या आवाजाला घाबरून ती आपटली, आणि पुन्हा उठली. बाबांनी हाक मारली तर घरातले तिघंही चपला न घालता पळत आले. अक्कासुद्धा, काठी विसरून.

आठवड्याने दूध पुन्हा दोन वेळांवर आलं. सकाळ बाबांची, संध्याकाळ सुनेची. मुलाला फक्त बाटली धुवायची परवानगी होती. अक्काला कशाचीच नव्हती, आणि हा अन्याय ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

एकदा उन्हं उतरताना बाबा अंडी गोळा करून गोठ्यावरून चालले होते. शेपटीने त्यांना पाहिलं आणि हंबरडा फोडला. मान फाटकावर टाकून, जीभ बाहेर काढून, जणू जगात हिला कोणीच नाही. बाबांची पावलं थांबली. एक हात बाटलीच्या फळीकडे गेलासुद्धा.

फाटकावर निळा टॉवेल होता. धुतलेला, पण एक कोपरा ताज्या दुधाने ओला.

"खोटारडी," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्या कपाळावरचा भोवरा खाजवला, तिने त्यांच्या बाहीचं बटण चोखून ओलं केलं. मग स्वैपाकघराच्या दाराकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणाले, "सूनबाई, चहा टाक. साखर नेहमीसारखी."

"नेहमीसारखी म्हणजे तुमची का माझी?" आतून आवाज आला.

"तुझी," बाबा म्हणाले.